मालक आणि संस्थापक : एड स्नायडर यांच्या निमित्ताने

हॉकी हा शब्द उच्चारला की आपल्या मनात एक ठरलेले चित्र उमटते. मैदान, टोकाशी वळलेली काठी, छोटा कठीण चेंडू आणि ध्यानचंद हे नाव. उत्तर अमेरिकेत मात्र हाच शब्द एका निराळ्या खेळासाठी राखलेला आहे. तिथे मैदान बर्फाचे असते, पायांत पाती लावलेले बूट असतात, चेंडूच्या जागी रबराची जाड चकती असते आणि गोलरक्षक धरून एका संघाचे सहाच खेळाडू एका वेळी बर्फावर उतरतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग खेळले जातात. या खेळाची आणखी एक रीत बाहेरच्या माणसाला चक्रावून टाकते. दोन खेळाडूंनी हातमोजे फेकून एकमेकांना ठोसे लगावले तर त्यांना सहसा घरी पाठवत नाहीत. पाच मिनिटे एका कठड्याआड बसवतात आणि मग पुन्हा खेळू देतात. मारामारी हा तिथे गुन्हा खरा, पण दर ठरवून दिलेला गुन्हा.

हा खेळ आम्हां दोघांपैकी कुणीही प्रत्यक्ष पाहिलेला नाही. आम्ही एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो आणि पदव्युत्तर वर्गाला 'चरित्र' हा वाङ्मयप्रकार आमच्याकडे असतो. तरीही फिलाडेल्फियाच्या फ्लायर्स या संघाचे एक संस्थापक एड स्नायडर यांच्या आयुष्याने गेले वर्षभर आमचा पिच्छा पुरवला आहे. त्याचे कारण खेळात नाही, आमच्या वर्गात आहे.

चरित्र शिकवताना एक अडचण दरवर्षी उभी राहते. विद्यार्थी चरित्रनायकाकडे पाहतात ते एक तर हात जोडून, नाही तर मुठी आवळून. आपल्याकडच्या थोर पुरुषांची नावे घेतली की वर्गात लगेच दोन तट पडतात. बोलणारा कुठल्या गावचा, कुठल्या घरातला यावरून त्याचे मत आधीच ठरलेले असते. उद्योजकांची चरित्रे घ्यावीत तर तिथे विशेषणांचीच आरास : द्रष्टे, दानशूर, कर्मयोगी. म्हणून आम्ही ठरवले, की ज्याच्याविषयी वर्गात कुणाच्याही मनात भक्ती नाही आणि राग नाही, असा एखादा माणूस घ्यावा. आमचा एक माजी विद्यार्थी फिलाडेल्फियाच्या उपनगरात नोकरी करतो. त्याने सुचवलेल्या दोन-तीन नावांत स्नायडर यांचे नाव होते. "सर, या माणसाला इथं निम्मं गाव देव मानतं आणि बाकीच्या गावांत शिव्या घालतात," असे त्याने कळवले. आम्हांला एवढे पुरेसे होते.

एडवर्ड स्नायडर यांचा जन्म ६ जानेवारी १९३३ रोजी वॉशिंग्टनमधल्या एका ज्यू कुटुंबात झाला. वडील सोल स्नायडर किराणा मालाच्या व्यापारात होते. मुलगा मेरिलँड विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकला आणि पदवीनंतर ग्रामोफोन तबकड्यांच्या धंद्यात पडला. इथपर्यंतचे आयुष्य कुठल्याही कर्तबगार व्यापारीपुत्राचे असते तसेच आहे. वळण आले ते १९६४ साली. वॉशिंग्टनचे एक बांधकाम व्यावसायिक जेरी वोल्मन यांनी फिलाडेल्फियाचा ईगल्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ विकत घेतला. स्नायडर यांचे मेहुणे अर्ल फोरमन हेही त्या व्यवहारात होते. स्नायडर यांना लहानसा हिस्सा मिळाला आणि संघाचे खजिनदारपद मिळाले. हिशेब तपासणारा माणूस खेळाच्या जगात शिरला तो असा, मागच्या दाराने.

त्यानंतरचा एक प्रसंग स्नायडर यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक सारे जण सांगतात. ते बॉस्टनला बास्केटबॉलचा सामना पाहायला गेले होते. तिथे लोकांची मोठी रांग त्यांना दिसली. चौकशी केली तेव्हा कळले, की ती हॉकीच्या तिकिटांसाठी आहे. आणि तीही कशा संघासाठी, तर गुणतक्त्यात अगदी तळाला असलेल्या संघासाठी. विजेत्यामागे गर्दी धावते यात नवल नाही. हरणाऱ्या संघासाठी माणसे रांग लावतात तेव्हा ती विजय विकत घेत नसतात, दुसरेच काही तरी घेत असतात. ते दुसरे काय, हे त्या हिशेबनिसाला रांग पाहून उमगले असावे असे आम्हांला वाटते. त्याची पुढची पन्नास वर्षे ते नेमके ओळखून विकण्यातच गेली.

त्या काळी राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये सहाच संघ होते : माँट्रिअल, टोरंटो, बॉस्टन, न्यूयॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो. लीगने आणखी सहा शहरांना प्रवेश देण्याचे ठरवले आणि प्रवेशाची किंमत ठेवली वीस लाख डॉलर. फिलाडेल्फियाची या खेळातली पूर्वपुण्याई फारशी नव्हती. १९३०-३१ च्या हंगामात तिथे क्वेकर्स नावाचा एक संघ खेळला होता. ४४ सामन्यांत ४ विजय मिळवून तो इतिहासजमा झाला. अशा गावाला फेब्रुवारी १९६६ मध्ये संघ मंजूर झाला. वोल्मन, स्नायडर, बिल पटनम आणि जो स्कॉट ही त्यामागची प्रमुख नावे. नुसता संघ असून भागत नव्हते, त्याला खेळायला जागा हवी होती. शहराच्या दक्षिण भागात ब्रॉड स्ट्रीटलगत स्पेक्ट्रम नावाचे बंदिस्त क्रीडागृह सुमारे सोळा महिन्यांत उभे राहिले. संघाच्या नावासाठी लोकांकडून सूचना मागवल्या गेल्या. एका नऊ वर्षांच्या मुलाने 'फ्लायर्स' हे नाव कळवले, तेही स्पेलिंग चुकवून.

१९ ऑक्टोबर १९६७ रोजी स्पेक्ट्रममध्ये पहिला सामना झाला. पिट्सबर्गविरुद्ध फ्लायर्स १-० ने जिंकले. प्रेक्षक होते ७,८१२. म्हणजे क्रीडागृह जेमतेम निम्मे भरलेले. त्याच हंगामात, १७ फेब्रुवारी १९६८ रोजी, बर्फावरच्या नृत्याचा कार्यक्रम चालू असताना वाऱ्याने स्पेक्ट्रमच्या छपराचा काही भाग उडवून नेला. डागडुजी झाली, १ मार्चला छप्पर पुन्हा फाटले. शहराने इमारत बंद केली आणि हंगामातले उरलेले 'घरचे' सामने फ्लायर्सना न्यूयॉर्क, टोरंटो आणि मुख्यतः कॅनडातल्या क्वेबेक शहरी खेळावे लागले. ज्या संघाचे घर वाऱ्याने उघडे पाडले, तो संघ नव्या सहा संघांच्या गटात त्या वर्षी पहिला आला. एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिले असते तर आम्ही समासात 'अतिरंजित' असा शेरा मारला असता.

पण या आरंभकथेत एक गाठ आहे आणि चरित्राच्या अभ्यासकाला ती सोडवावीशी वाटणारच. स्नायडर यांना या जगात आणणारे वोल्मन १९६७ च्या सुमारास आर्थिक संकटात सापडले. शिकागोत ते जॉन हॅन्कॉक सेंटर ही गगनचुंबी इमारत बांधत होते. तिच्या पायात दोष निघाला, काम थांबले, कर्जे अंगावर आली. या घसरणीत वोल्मन आणि स्नायडर यांच्यात वाटणी झाली. स्पेक्ट्रममधला स्नायडर यांचा हिस्सा वोल्मनकडे गेला आणि फ्लायर्समधला वोल्मन यांचा हिस्सा स्नायडर यांच्याकडे आला. दोघांत कायमचे वितुष्ट आले. वोल्मन यांना पुढे ईगल्स संघही गमवावा लागला. दिवाळ्यात निघालेले स्पेक्ट्रम काही वर्षांनी स्नायडर यांच्याच ताब्यात आले. वोल्मन यांनी उतारवयात, २०१० साली, आपली कहाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांच्या बाजूने पाहिले तर ती विश्वासभंगाची कहाणी आहे. स्नायडर यांच्या बाजूने पाहिले तर बुडत्या जहाजातून जे वाचवण्याजोगे होते ते वाचवल्याची.

वर्गात इथे बराच वेळ थांबावे लागले. एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, मग कृतघ्न कोण ते परीक्षेत काय लिहायचं?" प्रश्न बाळबोध वाटेल, पण तो तसा नाही. आपल्या भाषेत 'खाल्ल्या मिठाला जागणे' हा शब्दप्रयोग इतका खोल रुजलेला आहे, की व्यवहारातल्या प्रत्येक फारकतीला आपण आधी नीतीचा प्रश्न म्हणून पाहतो आणि मग हिशेबाचा. अमेरिकी व्यापारजगतात क्रम बहुधा उलटा लागतो. या दोन्ही क्रमांमधून पाहिल्याशिवाय असा प्रसंग नीट दिसत नाही, एवढेच आम्ही त्या मुलीला सांगू शकलो. निर्णय द्यायचा तर दोघांच्या वह्या समोर हव्यात. आणि चरित्र वाचणाऱ्याच्या हाती बहुधा एकच वही लागते.

यानंतरचा भाग फ्लायर्सच्या चाहत्यांना सर्वांत प्रिय आहे आणि आम्हांला सर्वांत अवघड गेला. १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षे बाद फेरीत सेंट लुईसच्या धिप्पाड खेळाडूंनी फ्लायर्सना हरवले. नुसते हरवले नाही, अंगाने चेपून काढले. स्नायडर यांनी तेव्हा आपल्या व्यवस्थापकांना बजावले, की आपला संघ पुन्हा असा मार खाताना मला दिसता कामा नये. त्याच वर्षीच्या निवडीत मॅनिटोबातल्या फ्लिन फ्लॉन या खाणीच्या गावचा बॉबी क्लार्क फ्लायर्सना मिळाला. त्याला मधुमेह होता, त्यामुळे इतर संघ त्याला घ्यायला बिचकले होते. फ्लायर्सनीही त्याला घेतले ते दुसऱ्या फेरीत, १७ व्या क्रमांकावर. हाच पुढे संघाचा कर्णधार झाला आणि लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून तीनदा गौरवला गेला. त्याच निवडीत डेव्ह शुल्ट्झ नावाचा दांडगा तरुणही आला. फ्रेड शेरो प्रशिक्षक झाले, बर्नी पेरांट गोलात उभे राहिले आणि १९७३ च्या सुरुवातीला फिलाडेल्फियाच्या पत्रकारांनी या संघाला 'ब्रॉड स्ट्रीट बुलीज' असे नाव दिले. आपल्या बोलीत म्हणायचे तर ब्रॉड स्ट्रीटचे दांडगट.

१९ मे १९७४ रोजी बॉस्टनला १-० ने हरवून फ्लायर्सनी स्टॅन्ली कप जिंकला. १९६७ नंतर लीगमध्ये आलेल्या संघांपैकी हा मान मिळवणारा तो पहिला. दुसऱ्या दिवशी निघालेल्या मिरवणुकीला सुमारे वीस लाख माणसे रस्त्यावर आली असा अंदाज सांगतात. १९७५ मध्ये बफेलोविरुद्ध कप पुन्हा जिंकला. ज्या १९७४-७५ च्या हंगामात हे घडले त्याच हंगामात शुल्ट्झ याने एकूण ४७२ मिनिटे कठड्याआड काढली. लीगचा तो विक्रम आजवर कुणी मोडलेला नाही.

आता या ४७२ मिनिटांचे काय करायचे? चाहते म्हणतील, क्लार्कचे कौशल्य आणि पेरांटचे गोलरक्षण यांच्यामुळे संघ जिंकला, दांडगाई हा वरचा मसाला. हे बव्हंशी खरे आहे. पण मसाल्याची पाकिटेही खपत होती हे नाकारता येत नाही. सत्तरच्या दशकातले ते फिलाडेल्फिया कारखाने बंद पडत चाललेले, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन या दोन मातबर शहरांमध्ये दबलेले गाव होते. आपल्या वतीने कुणी तरी बाह्या सरसावून उभे राहते आहे, ही भावना त्या गावाला हवी होती आणि स्नायडर यांनी ती पुरवली. किंमत दिली ती खेळाडूंनी. शुल्ट्झ याने १९८१ साली पुस्तक लिहून ठोसेबाजाच्या त्या भूमिकेचा कबुलीजबाब दिला. पुढे विज्ञानानेही साक्ष दिली. २०११ मध्ये वयाच्या २८ व्या वर्षी वारलेला डेरेक बोगार्ड हा दुसऱ्या संघांकडून खेळलेला ठोसेबाज; त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार बसलेल्या आघातांनी होणारा विकार आढळला. तो फ्लायर्सचा नव्हता. पण ज्या बाजारात त्याच्या मुठींना भाव होता, तो बाजार तेजीत आणणाऱ्यांत फ्लायर्सचे नाव अग्रभागी आहे. सत्तरच्या दशकात हे ज्ञान कुणापाशी नव्हते, हा बचाव खरा आहे. आम्ही तो नोंदवतो आणि पुढे जातो. तो पुरेसा आहे असे मात्र म्हणत नाही.

११ जानेवारी १९७६ चा सामना याच धाग्याचे दुसरे टोक आहे. सोव्हिएत लष्कराचा संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर आला होता आणि लीगच्या एकाही संघाला त्याला हरवता आले नव्हते. शेवटचा सामना स्पेक्ट्रममध्ये होता. स्नायडर यांच्या मनात सोव्हिएत राजवटीविषयी, विशेषतः तिथल्या ज्यूंना मिळणाऱ्या वागणुकीविषयी, खोल चीड होती. पहिल्याच भागात फ्लायर्सच्या एड व्हॅन इम्प याने खार्लामोव्ह या थोर खेळाडूला आडवे केले. पंचांनी शिक्षा दिली नाही आणि सोव्हिएत संघ बर्फ सोडून निघून गेला. परत आला नाहीत तर ठरलेले पैसे मिळणार नाहीत, असा निरोप गेल्यावर तो परतला. फ्लायर्स ४-१ ने जिंकले. साम्यवादी लष्कराचा संघ डॉलरच्या धमकीने मैदानात परततो, यात जो उपरोध आहे तो स्नायडर यांना किती गोड लागला असेल! आमच्या वर्गात मात्र मते विभागली. निम्म्या मुलांना तो राष्ट्राभिमान वाटला आणि निम्म्यांना पाहुण्यांशी केलेली दांडगाई. दोन्ही मते वहीत उतरवून घ्या, असे आम्ही सांगितले.

स्नायडर यांचा खरा व्यवसाय संघ चालवणे हा नव्हता. संघाभोवती एक संपूर्ण संध्याकाळ उभी करणे हा होता. १९७४ मध्ये त्यांनी स्पेक्टॅकोर ही कंपनी स्थापन केली. क्रीडागृह आपले, संघ आपला. मग प्रक्षेपण दुसऱ्याचे कशाला? १९७६ पासून प्रिझम ही पैसे भरून पाहावयाची वाहिनी सुरू झाली, तिच्यावर सामने आणि चित्रपट दिसू लागले. पुढे खेळांना वाहिलेले रेडिओ केंद्र आले, इतर शहरांतल्या क्रीडागृहांच्या व्यवस्थापनाची कंत्राटे आली. १९९६ मध्ये कॉमकास्ट या केबल कंपनीने बहुसंख्य हिस्सा घेतला आणि कॉमकास्ट-स्पेक्टॅकोर अशी जोडकंपनी झाली. प्रमुख म्हणून स्नायडर राहिलेच. त्याआधी, १९८८ मध्ये, हॉकीच्या मानवंत दालनात त्यांची निवड झाली होती. मात्र १९७५ नंतर त्यांच्या हयातीत कप पुन्हा आला नाही. १९७६, १९८०, १९८५, १९८७, १९९७ आणि २०१० अशा सहा अंतिम फेऱ्या फ्लायर्स हरले. हरणाऱ्या संघासाठी लागलेली रांग पाहून ज्याचा प्रवास सुरू झाला, त्याच्या दाराशीही उत्तरायुष्यात तशीच रांग उभी होती.

आता आम्हांला सर्वाधिक ओढून नेणाऱ्या धाग्याकडे वळतो. स्नायडर आयन रँडचे निस्सीम वाचक होते. रँडबाईंच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९८५ मध्ये, त्यांच्या विचारांच्या प्रसारासाठी आयन रँड इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तिच्या उभारणीत स्नायडर यांचा पुढाकार होता. हे वाचले आणि आमची वसतिगृहातली वर्षे डोळ्यांसमोर आली. 'द फाउंटनहेड' ची कोपरे दुमडलेली प्रत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत असे. ज्यांचे इंग्रजी बेताचे होते तेही कोश जवळ घेऊन ती वाचत. पुढे रँड मराठीतही आली. घरातल्यांनी, गावाने, जातीने आखून दिलेली वाट सोडू पाहणाऱ्या तरुणाला ती पुस्तके का आवडावीत, हे सांगायला समीक्षक लागत नाही. 'तू कुणाचे देणे लागत नाहीस' हे वाक्य विसाव्या वर्षी ऐकणे म्हणजे मोकळ्या हवेत येणे. चाळिशीत, आईवडिलांच्या औषधांची यादी आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कमाफीचे अर्ज समोर असताना, त्याच वाक्यातले 'देणे' हा शब्द निराळ्या वजनाने ऐकू येतो. म्हणूनच रँडच्या या धनाढ्य वाचकाने उतारवयात काय केले ते पाहण्याची आम्हांला उत्सुकता होती.

२००५ मध्ये त्यांनी युवा हॉकी प्रतिष्ठान स्थापन केले. हा खेळ महागडा. बूट, चिलखती पोशाख, काठ्या, बर्फाचे भाडे. फिलाडेल्फियाच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांना, ज्यांत कृष्णवर्णीय मुले मोठ्या संख्येने होती, त्याची वाट जवळपास बंद होती. प्रतिष्ठानाने हा सारा खर्च उचलला; अट एवढीच, की मुलांनी शाळा सोडायची नाही. बर्फावरच्या तासांबरोबर अभ्यासाचे तासही आले. २००८ च्या आर्थिक अरिष्टात शहराने आपली सार्वजनिक हिमगृहे बंद करण्याचा विचार चालवला तेव्हा त्यांचा भार प्रतिष्ठानाने पत्करला. पुढे त्यांच्या नूतनीकरणासाठी राज्य सरकारच्या निधीला स्नायडर यांनी आपल्या पैशांची जोड दिली. सरकारने फक्त पोलीस, सैन्य आणि न्यायालये चालवावीत असे सांगणाऱ्या लेखिकेचा हा शिष्य! वर्गातला एक मुलगा हसून म्हणाला, "सर, म्हणजे शेवटी बाईंचं पुस्तक मिटून ठेवलं म्हणा की." आम्हांला तसे वाटत नाही. दान देण्यास रँडची हरकत नव्हती, ते कर्तव्य मानण्यास होती. स्नायडर यांना हे मुलांवरचे उपकार वाटत होते की आपल्या खेळाची पेरणी, हे बाहेरून कळणार नाही. पण कर्तव्य न मानताही एखादा माणूस कर्तव्याच्या वाटेवरून किती दूर जाऊ शकतो, याचा हा नमुना आहे. आणि तत्त्वज्ञान व जगणे यांच्यातल्या अशा फटींमधूनच चरित्राला श्वास मिळतो.

मराठीत 'मालक' आणि 'संस्थापक' हे दोन शब्द आपण सहसा एकमेकांच्या जागी वापरत नाही. दुकानाला मालक असतो, शाळेला संस्थापक. मालकाला नफा मिळतो, संस्थापकाला तसबीर. फिलाडेल्फियात मात्र हे दोन्ही शब्द एकाच माणसाला लागू पडत होते. कागदोपत्री संघ स्नायडर आणि त्यांच्या भागीदारांचा. पण गावातला बसचालक 'काल आपण हरलो' असे म्हणतो तेव्हा त्या 'आपण'चा एकही समभाग त्याच्याकडे नसतो. तिकिटाचे पैसे देऊन तो त्या सर्वनामात सामील होतो. स्नायडर यांचा सारा व्यापार या एका सर्वनामावर उभा होता. ते उभे करायला त्यांनी कर्ज काढले, जोखीम घेतली, हे खरे; आणि ज्याच्यावर त्यांनी नफा मिळवला ते प्रेम त्यांनी निर्माण केलेले नव्हते, गावाने दिलेले होते, हेही तितकेच खरे.

आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहातही एक तसबीर आहे. दरवर्षी जयंतीला आम्हां दोघांपैकी एकाने भाषण करावयाचे असते आणि त्याचा मजकूर जवळजवळ ठरलेला असतो. ज्या शेतकऱ्यांनी मूठ-मूठ धान्य देऊन पहिल्या खोल्या उभ्या केल्या त्यांची नावे कोणत्याही फळीवर नाहीत. आज त्याच खोल्यांत तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे तरुण सहकारी मानधनाची महिनोन्‌महिने वाट पाहतात आणि जयंतीच्या दिवशी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. यंदा आम्ही भाषणात संस्थापकांच्या दूरदृष्टीबरोबर त्या धान्याचाही उल्लेख केला, आणि ज्यांच्या घरून ते आले होते त्यांपैकी दोन वृद्धांची नावे, त्यांना विचारून, व्यासपीठावरून घेतली. सभागृहात थोडी चुळबुळ झाली. संस्थापकांचे मोठेपण त्याने तसूभरही कमी झाले नाही; उलट ते पहिल्यांदाच एखाद्या माणसाचे मोठेपण वाटले, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्याने नंतर बोलून दाखवले. मालकाचे चरित्र लिहिताना रांगेत उभे राहिलेल्यांचेही चार ओळींचे चरित्र लिहायला हवे, हे आम्ही स्नायडर यांच्या निमित्ताने शिकलो.

स्नायडर ११ एप्रिल २०१६ रोजी कॅलिफोर्नियात कर्करोगाने वारले, वय ८३. दोनच दिवस आधी फ्लायर्सनी पिट्सबर्गला हरवून बाद फेरीतला प्रवेश निश्चित केला होता. १८ एप्रिलला वॉशिंग्टनविरुद्धच्या घरच्या सामन्यापूर्वी त्यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी प्रेक्षकांना लुकलुकणाऱ्या मनगटपट्ट्या वाटल्या गेल्या. अंधारात हजारो दिवे चमकले. मग सामना सुरू झाला, संघ वाईट रीतीने हरू लागला, मारामारी झाली आणि संतापलेल्या प्रेक्षकांनी त्याच श्रद्धांजलीच्या पट्ट्या बर्फावर भिरकावल्या. पंचांनी त्याबद्दल फ्लायर्सनाच शिक्षा दिली. वर्तमानपत्रांनी गावाच्या असभ्यपणाबद्दल लिहिले. आम्हांला मात्र त्या दृश्यात त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा ताळेबंद दिसतो. जमा आणि नावे, दोन्ही बाजू एकाच संध्याकाळी मांडल्या गेल्या.

१९ ऑक्टोबर २०१७ रोजी, पहिल्या सामन्याला पन्नास वर्षे पुरी झाली त्या दिवशी, क्रीडागृहाबाहेर स्नायडर यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. जुने स्पेक्ट्रम तोवर पाडले गेले होते. १९९६ साली त्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या वास्तूने बँका बदलतील तशी नावे बदलली : कोअरस्टेट्स, फर्स्ट युनियन, वाकोव्हिया, वेल्स फार्गो, आणि २०२५ पासून कॉमकास्टच्या मोबाइल सेवेचे, एक्सफिनिटीचे नाव. नाव विकण्याची ही कला ज्यांनी शहराला शिकवली त्यांत स्नायडर स्वतः होते, तेव्हा त्यांना याचे दुःख झाले नसते. गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी मात्र अजून स्पेक्ट्रमच आहे, असे आमचा विद्यार्थी कळवतो. या नावासाठी त्यांच्याकडून कुणी पैसे घेतलेले नाहीत.